आधी पट्टी दाखव!

परवा संध्याकाळी मित्राचा मुलगा घरी आला. वय चोवीस. बीसीए झालाय. दीड-दोन वर्षं पुण्यात काढली, तिथली नोकरी सुटली, आता परत सोलापुरात. बसल्या बसल्या लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "काका, अफिलिएट मार्केटिंगची वेबसाईट काढलोय. तुम्ही पेपरवाले, एकदा बघा की. असल्या साईटी हजारो हायत. माझी उठून कशी दिसंल तेवढं सांगा."

साईटवरचा पहिलाच लेख: 'टॉप १० बेस्ट सोलापुरी चादरी'.

मी विचारलं, "यातली कुठली चादर हातात घेऊन बघितलास?"

"एक पण नाही. माहिती ॲपवरनंच घेतली. फोटो पण तिथलेच."

आता हे पोरगं सोलापूरचं. याचा सख्खा मामा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर चादरी विणतो. आणि हा खुर्चीत बसून दिल्ली-बंगळूरच्या पोरांसारखी सोलापुरी चादरींची यादी करतोय. हसू आलं, पण हसलो नाही. कारण पुढच्याच वाक्यात कळलं की हे शिकायला त्याने एका ऑनलाईन कोर्सवाल्याला बारा हजार भरलेत. आईच्या भिशीचे. कोर्समध्ये काय शिकवलं? तर चालणारी साईट बघायची, तिचे विषय उचलायचे, मजकूर एआयकडून फिरवून घ्यायचा, लिंका टाकायच्या आणि झोपेत पैसे कमवायचे. झोपेत पैसे कमावणारा त्या सगळ्यात एकच, तो कोर्सवाला.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही वेबसाईटवर कुठल्यातरी वस्तूबद्दल लिहिता आणि खाली विकणाऱ्या ॲपची लिंक देता. वाचणाऱ्याने त्या लिंकवरून जाऊन खरेदी केली की तुम्हाला टक्केवारी मिळते. ॲमेझॉनने ही पद्धत १९९६ मध्ये अमेरिकेत सुरू केली. २०१३ मध्ये ती कंपनी भारतात आली आणि हळूहळू हे वारं आपल्याकडेही शिरलं. टक्का वस्तूवर ठरतो. मोबाईलवर अगदी किरकोळ, कपडे-घरगुती वस्तूंवर जरा बरा. ॲमेझॉनचा नियम असा की लिंक दाबल्यापासून चोवीस तासांत गिऱ्हाईकाने माल घेतला किंवा निदान कार्टमध्ये टाकला पाहिजे. उद्या विचार करून परवा घेतला तर तुम्हाला काही नाही. म्हणून तर प्रत्येक साईटवर 'घाई करा' असं ओरडणं चाललेलं असतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर ही अडत आहे. माल दुसऱ्याचा, गिऱ्हाईक दुसरं, मधे आपण. सोलापूरकराला अडत समजावून सांगायची गरज नाही. हैदराबाद रोडच्या मार्केट यार्डात कांद्याचा हंगाम असताना एकदा पहाटे जाऊन या, सगळं शास्त्र कळतं. अडत्या म्हणजे लुटारू असं मी म्हणत नाही. चांगला अडत्या शेतकऱ्याच्या तीन पिढ्या सांभाळतो. पण तो पट्टी देतो. पट्टीचं पुढे सांगतो, आधी चादर.

त्या दहा चादरींपैकी तिसऱ्या नंबरची आम्ही उघडली. नाव मोठ्ठं 'सोलापुरी', चार पूर्णांक दोन तारे, आणि खाली बारीक अक्षरात माहिती: पॉलिकॉटन. पाचवी तर चक्क मायक्रोफायबर, वर मोराचं डिझाईन छापलेलं. मी म्हटलं, मामाला व्हिडिओ कॉल लाव. मामा कारखान्याच्या बाहेर येऊन उभा राहिला, मागून मागांचा खडखडाट. स्क्रीनवरचे फोटो एकेक करून दाखवले. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. "हे छापलेलं हाय." "ह्याची मागची बाजू दाखव. नाही ना? मग सोड." "ही असंल आपल्याकडची, काठ बरोबर वाटतो." दहातल्या तीन राहिल्या.

मामाने जे सांगितलं ते आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही ठाऊक असतं. खरी सोलापुरी चादर सुती, जाड आणि वजनदार. तिचं डिझाईन जकार्डवर विणलेलं असतं, छापलेलं नसतं. म्हणून ती दोन्ही बाजूंनी वापरता येते. पुढे जिथे लाल आहे तिथे मागे पांढरं दिसेल, रंग उलटतात पण नक्षी तीच. कडेचा एक धागा काढून जाळा. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटाने चोळली की राख उडते. पॉलिस्टर असेल तर वितळून टणक गोळी होते. आता मला सांगा, 'टॉप १०' वाल्या कुठल्या साईटवर हे वाचलंत?

या चादरीला जीआय मानांकन आहे, महाराष्ट्रात ते मिळवणारं पहिलं उत्पादन आपलं. १९९९ च्या कायद्याप्रमाणे दुसऱ्या मालाला हे नाव खोटं लावलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड अशी शिक्षा आहे. कागदावर. पानिपतकडचा स्वस्त माल सोलापूरच्या नावावर विकला जातो, ही इथल्या कारखानदारांची जुनी ओरड आहे. तेव्हा तो माल एसटी स्टँडबाहेर, जत्रेत, फार तर परगावच्या दुकानात दिसायचा. आता तो घराघरांतल्या मोबाईलमध्ये गेलाय. आणि त्याची जाहिरात कोण करतंय? भवानी पेठेतलं, अशोक चौकातलं, ज्याच्या आजोबांनी मिलच्या भोंग्यावर आयुष्य काढलं असं आपलंच पोरगं. एका चादरीमागे वीस-पंचवीस रुपयांसाठी. मामाचं काम जाईल तेव्हा भाच्याला कळणारही नाही की त्यात आपलाही हात होता.

हे मी त्याला असंच तोंडावर सांगितलं. गप्प बसला. मग म्हणाला, "काका, मला माहीतच नव्हतं." खरंच नव्हतं. त्याने मामाला कधी विचारलंच नव्हतं.

आता त्याचा मूळ प्रश्न. साईट उठून कशी दिसेल? सगळ्या साईटी सारख्या का दिसतात ते आधी बघा. सगळे एकाच विहिरीचं पाणी भरतायत. विकणाऱ्याच्या पानावरची माहिती, विकणाऱ्याचेच फोटो, विकणाऱ्याचेच तारे. रंग बदला, लोगो बदला, नाहीतर डिझायनरला तीस हजार द्या, विहीर तीच राहते. गूगललाही हे उशिरा का होईना कळलं. २०२१ मध्ये त्यांनी वस्तूंच्या परीक्षणांसाठी वेगळे निकष आणले: वस्तू खरंच वापरलीय याचा पुरावा द्या, स्वतःचे फोटो द्या, दोष पण सांगा. २०२२ च्या डिसेंबरात दर्जा ठरवायच्या यादीत 'अनुभव' हा शब्द घातला. २०२४ च्या मार्चमध्ये घाऊक भावात पाडलेल्या मजकुराविरुद्ध नियम कडक केले, मग तो मजकूर मशीनने लिहिलेला असो की माणसाने. म्हणजे बारा हजारांच्या कोर्समध्ये जे शिकवलं, ते शिकवायच्या आधीच बाद झालं होतं.

पण मी पोराला खोटी आशाही दाखवली नाही. प्रामाणिकपणे काम केलं की गूगल डोक्यावर घेतं असं काही नाही. हाऊसफ्रेश नावाची परदेशातली एक छोटी साईट आहे. ते लोक हवा शुद्ध करणारी यंत्रं स्वतः विकत आणून, खोलीत धूर करून मोजून बघतात. २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांनी जाहीर लिहिलं की मोठमोठ्या मासिकांच्या साईटी यंत्राला हात न लावता याद्या छापतात आणि गूगलवर आमच्या वर दिसतात. जगभर गाजलं ते. तेव्हा गूगलच्या दारात उभं राहून पोट भरेल हा हिशेबच नको. लोकांनी तुझं नाव घेऊन तुझ्याकडे यायला पाहिजे. नव्या पेठेत गिऱ्हाईक 'साडीचं दुकान कुठाय' असं विचारत फिरतं का? अमक्याचं दुकान कुठाय म्हणून विचारतं.

मग तुझ्याकडे असं काय आहे जे त्या मोठ्या साईटीकडे नाही? पोरगं म्हणालं, "काहीच नाही." मी म्हटलं, आहे की. सोलापूर आहे!

कूलरचं उदाहरण दिलं. 'बेस्ट एअर कूलर' असं शोधा, शेकडो याद्या मिळतात. हवा किती फेकतो, रिमोट आहे का, टाकी किती लिटरची. आता सोलापूरच्या बाईचा प्रश्न काय असतो? कूलर पाणी किती पितो! कित्येक वर्षं या शहरात चार-पाच दिवसांआड पाणी आलंय. उजनी भरलं म्हणून पेपरात आम्ही फोटो छापायचो आणि त्याच दिवशी गल्लीत बायका रिकाम्या बॅरलशेजारी उभ्या असायच्या. अशा गावात ऐंशी लिटरची टाकी ही कूलरची खुबी म्हणून सांगायची की अडचण म्हणून? माझ्या घरचा पत्र्याचा जुना कूलर एप्रिलमध्ये दिवस-रात्र मिळून पाच-सहा बादल्या पाणी संपवतो. मी मोजलंय, कारण भरायचं काम माझ्याकडे आहे. दुसरी गोष्ट बोअरच्या पाण्याची. क्षारामुळे एका उन्हाळ्यात जाळीवर पांढरा थर बसतो आणि कूलर नुसता वारा फेकायला लागतो. मग गवत बरं की हनीकोंब? गवत स्वस्त, दरवर्षी बदलून टाकता येतं. हनीकोंब महाग, पण क्षार बसला की तेही गेलं. कोकणात तर कूलरचा उपयोगच नाही, दमट हवेत तो घाम काढतो. आपल्याकडे कोरडी हवा म्हणून चालतो, पण त्या कोरडेपणामुळेच पाणी जास्त खातो.

यातलं एक वाक्यही दिल्लीत बसलेल्या माणसाला सुचणार नाही. त्याच्या घरी पाण्याची पाळी नसेल. पोरगं टिपून घ्यायला लागलं. मग त्याचं त्यालाच सुचत गेलं: गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मे महिन्यात हात भाजण्याइतकं तापतं, तिथे कुठली टाकी चांगली? बोअरच्या पाण्याला कुठला फिल्टर लागतो आणि त्यातून वाया जाणारं पाणी भांड्यांना धरून ठेवायचं कसं? आणि हे सगळं मराठीत लिहायचं. मराठी म्हणजे 'हे उत्पादन अद्वितीय वैशिष्ट्यांनी परिपूर्ण आहे' असली मशीनची मराठी नाही हां. 'पंख्याचा आवाज टीव्हीच्या वर जातो', अशी.

आता पट्टी.

फेब्रुवारी २०२३ मधली बातमी आठवत असेल. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा सोलापूरच्या बाजारात आणला, किलोला एक रुपया भाव मिळाला, आणि मोटारभाडं, हमाली, तोलाई जाऊन हातात दोन रुपयांचा चेक पडला. देशभर गाजली ती बातमी. का गाजली? कारण पट्टी होती. वजन किती, भाव किती, कशापायी किती कापले, सगळं कागदावर. पट्टीमुळे अन्याय टळला नाही, पण दिसला. लोकांनी फोटो काढून जगाला दाखवला. पट्टीच नसती तर त्या शेतकऱ्याचं कुणी ऐकलं असतं का?

या पोराच्या साईटवर पट्टी कुठे होती? सगळ्यात खाली, राखाडी रंगात, इंग्रजीत, एक ओळ. कोर्सवाल्याने दिलेली, जशीच्या तशी चिकटवलेली. कायदा काय म्हणतो ते त्याला माहीतच नव्हतं. २०२२ च्या जूनमध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२३ च्या जानेवारीत ग्राहक व्यवहार खात्याने इन्फ्लुएन्सर मंडळींसाठी वेगळी पुस्तिका काढली. पैसे, भेटवस्तू, सवलत, काहीही मिळत असेल तर साध्या स्पष्ट भाषेत सांगायचं, ठळक दिसेल असं सांगायचं, हॅशटॅगच्या गर्दीत लपवायचं नाही. फसवी शिफारस केली तर दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. आणि शिफारस करायलाच बंदी, पहिल्यांदा एक वर्ष, पुढे तीन वर्षांपर्यंत.

दंडाच्या भीतीने कोण सुधारतंय, ते सोडा. मी त्याला म्हटलं, लेखाच्या वरच, मराठीत, मोठ्या अक्षरात लिही: या लिंकवरून तुम्ही घेतलंत तर मला साधारण इतके रुपये मिळतात. तुम्हाला भाव तोच पडतो. ही चादर मी स्वतः विकत घेतली, अमुक महिन्यात, अमुक किमतीला. ही दुसरी घेतली नाही, फक्त मामाला दाखवली. आणि हीच चादर चाटी गल्लीत स्वस्त मिळत असेल तर तेही लिही.

इथे पोरगं उसळलं. "काका, मग लिंक कोण दाबंल? माझं कमिशन गेलं की!"

मग मला माझी गोष्ट सांगावी लागली. ती इथेही लिहितो, कारण दुसऱ्याच्या पोराला शहाणपण शिकवायचं आणि स्वतःचं झाकून ठेवायचं हे बरं नाही.

मी वीस वर्षं पत्रकारिता केली. डिप्लोमा करून आलो तेव्हा वाटायचं आता सोलापूर बदलून टाकणार. पहिल्या वर्षीच कळलं की जिल्ह्याच्या बातमीदाराचा पगार म्हणजे नावाला, खरं उत्पन्न जाहिरातीच्या टक्केवारीतून. वाढदिवसाच्या पुरवण्या, दिवाळीच्या, शाळा उघडतानाच्या. अफिलिएट हा शब्द नव्हता एवढंच! एका वर्षी एका खाजगी क्लासची अर्धं पान जाहिरात मी आणली आणि त्याच पुरवणीत त्या क्लासवर लेखही मीच लिहिला. माझ्या नावाने. भरभरून. जाहिरातीच्या अर्ध्या पानावर चौकट होती, माझ्या लेखावर काही नव्हतं. क्लासच्या आत मी एकदा गेलो होतो, चहा प्यायला. पुढच्या वर्षी तो क्लास मधेच बंद पडला, फिया बुडाल्या. एक रिक्षावाले गृहस्थ ते कात्रण घेऊन ऑफिसात आले. भांडले नाहीत. फक्त म्हणाले, "साहेब, तुमचं नाव वाचून पोरीला घातलं होतं." कात्रण टेबलावर ठेवून गेले. मला त्या लेखाचे नऊशे रुपये मिळाले होते.

२००९ च्या विधानसभा निवडणुकीत पेड न्यूजचा केवढा गाजावाजा झाला. पी. साईनाथ यांनी एकाच मजकुराचे लेख वेगवेगळ्या पेपरांत कसे छापून आले ते दाखवलं, प्रेस कौन्सिलने चौकशी केली. आम्ही जिल्ह्यातले लोक चहाच्या टपरीवर मोठ्या पेपरांना नावं ठेवत होतो. आपल्या पुरवण्यांचं नाव कुणी काढलं नाही.

पेपरवरचा विश्वास असा नऊशे-नऊशे रुपयांनी गेला. आणि आता तीच चूक हे पोरगं चोविसाव्या वर्षी बारा हजार भरून शिकून आलंय.

कमिशन जाईल का? सुरुवातीला जाईल, हे कबूल. पण उलटं उदाहरणही आहे. वायरकटर नावाची साईट ब्रायन लॅम या माणसाने २०११ मध्ये काढली. दहाची यादी नाही, वस्तू तपासून एकच सांगायची, ही घ्या. का, तेही सांगायचं. आणि लिंकचे पैसे आम्हाला मिळतात हे उघड सांगायचं. पाच वर्षांनी न्यूयॉर्क टाइम्सने ती सुमारे तीन कोटी डॉलरला घेतली. अर्थात तो अमेरिकेचा हिशेब. आपल्या पोराला तीन कोटी डॉलर नकोत. त्याला हुतात्मा एक्स्प्रेसने पुन्हा पुण्याला जायचं नाहीये. आई-वडील इथे, घर इथे, खोलीभाडं नाही. महिन्याला पंधरा-वीस हजार इथेच सुटले तर तो इथेच राहील. या गावातली किती पोरं सकाळच्या गाडीला बॅग घेऊन उभी असतात ते स्टेशनवर जाऊन बघा. त्यातली पन्नास पोरं जरी इथे बसून इथलं ज्ञान विकू शकली तरी मला ते हवं आहे. फक्त नकली चादर विकून नको.

पोराने त्या रात्री सात चादरी काढून टाकल्या. कशा काढल्या ते बघा: पान पुसलं नाही, 'या सात का काढल्या' असा वेगळा लेख केला. मामाच्या शब्दांत, मामाचा आवाज रेकॉर्ड करून. रविवारी दोघं मिळून धागे जाळत होते, मला फोटो पाठवला. पहिल्या आठवड्यात कमिशन शून्य आणि तीन फोन, तिन्ही पुण्यातल्या सोलापूरकरांचे. खरी चादर कुठे मिळेल म्हणून विचारत होते. त्यातल्या एकाला मामाने कारखान्यातूनच पाठवली, म्हणजे लिंक बोंबलली. पोरगं म्हणतंय, मामाकडून टक्का मागू का? मी म्हटलं, माग, पण तोही साईटवर लिही.

आता माझी पट्टी. या पोस्टचे मला कुणी पैसे दिलेले नाहीत. पोरगं मित्राचं आहे, चहा आमच्याच घरचा होता. साईटची लिंक मुद्दाम देत नाहीये, कूलरचा लेख पुरा होऊ दे. त्यासाठी एक काम करा. तुमच्या घरचा कूलर कुठला, किती वर्षांचा, आणि दिवसाला किती बादल्या पाणी घेतो, मोजून कमेंटमध्ये टाका. नळाचं पाणी की बोअरचं, तेही लिहा. अंदाजे नको, बादलीने मोजून.